व्यसनमुक्ती केंद्राचं यश मोजायचं कसं? हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

व्यसनमुक्ती केंद्रांच्या पत्रकांवर 'आमचा यशाचा दर 80 टक्के' अशी ओळ बऱ्याचदा असते. ती वाचली की मी तीन प्रश्न विचारते. किती जणांपैकी 80 टक्के? उपचार संपल्यावर किती काळाने? आणि विचारलं कोणी, कसं? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली, तर तो आकडा विचारात घ्यावा. एरवी तो जाहिरातीचा मजकूर समजावा.

हा लेख केंद्रात 'फॉलोअपचं तुम्ही बघा' म्हणून वही हातात आलेल्या नव्या समुपदेशकासाठी, फील्डवर्कला आलेल्या एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यासाठी आणि 'आपलं काम खरंच उपयोगी पडतंय का' असं मनापासून विचारणाऱ्या विश्वस्तासाठी आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या 5.7 कोटी लोकांना मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी 38 जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला होता. म्हणजे जो दारापर्यंत येतो तो फार थोड्यांपैकी एक असतो. त्याच्या घरच्यांनी त्यासाठी बहुतेक वेळा उसनवारी केलेली असते, कधी दागिना गहाण ठेवलेला असतो. त्या घराला खरा आकडा कळण्याचा हक्क आहे.

पायरी 1: यश कशाला म्हणायचं, ते आधी लिहून ठेवा

पहिला रुग्ण नोंदवण्याआधी हे ठरवा आणि कागदावर तारीख घालून सही करा. निकाल हाती आल्यावर व्याख्या ठरवली, की ती नकळत आपल्या सोयीची होते.

'दारू पूर्ण बंद' ही सगळ्यांत स्पष्ट कसोटी आहे. महाराष्ट्रातली बहुतेक केंद्रं आणि एएचे (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे स्वमदत) गट हीच मानतात. तिला पहिलं स्थान द्या, पण तिच्यावर थांबू नका. अमेरिकेत 1976 साली रँड संस्थेचा अहवाल आला. उपचारानंतर 18 महिन्यांनी काही जण बेतात पिताना आढळले, एवढं त्यात म्हटलं होतं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. आजही हा वाद पूर्ण मिटलेला नाही. माझं मत असं, की तुमच्या केंद्राचं ध्येय संपूर्ण बंदीचं असेल तर तेच ठेवा, पण नोंद मात्र जे घडलं त्याची करा. वर्षभरात दोनदा घसरून परत उभा राहिलेला माणूस आणि डिस्चार्जच्या संध्याकाळपासून रोज पिणारा माणूस एकाच 'अपयश' रकान्यात गेले, तर त्या नोंदीतून शिकण्यासारखं काही उरत नाही.

1980 च्या सुमारास तयार झालेली व्यसन-तीव्रता मोजण्याची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती आयुष्याच्या सात बाजू तपासते: शारीरिक आरोग्य, रोजगार, दारू, इतर मादक पदार्थ, कायद्याच्या भानगडी, कुटुंब व समाजातले संबंध आणि मानसिक अवस्था. पूर्ण प्रश्नावली लांबलचक आहे आणि ती घ्यायला प्रशिक्षण लागतं. छोट्या केंद्राने निदान एवढं तरी टिपावं: गेल्या 90 दिवसांत नशा केलेले दिवस, कामावर गेलेले दिवस, नवं कर्ज, घरात मारहाण, दवाखान्यात भरती आणि आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न. मारहाणीचा प्रश्न बायकोला वेगळं बसवूनच विचारायचा. नवरा शेजारी असताना मिळालेलं उत्तर धरू नका.

दोन गोष्टी व्याख्येत हमखास राहून जातात. पहिली म्हणजे व्यसनाची अदलाबदल. दारू सुटली आणि गांजा आला, किंवा दिवसभर मोबाइलवर पैसे लावून रमी सुरू झाली, तर तीही नोंद हवी. दुसरी गोष्ट औषधांची. गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन) सोडलेला माणूस डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन हे त्याऐवजी दिलं जाणारं औषध घेत असेल, तर त्याला 'अजून व्यसनीच' म्हणून मोजणं चूक आहे. अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत औषधावर टिकून राहणं हेच यशाचं एक महत्त्वाचं मोजमाप मानलं जातं.

पायरी 2: दारातून आत आलेला प्रत्येक माणूस यादीत हवा

या लेखातलं एकच काही करणं जमणार असेल, तर हे करा.

समजा, एका केंद्रात वर्षभरात 200 जण दाखल झाले. (हे आकडे मी हिशेब समजावण्यासाठी घेतले आहेत.) त्यांतल्या 160 जणांनी उपचार पूर्ण केले. बाकीचे कुणी चौथ्या दिवशी भांडून घरी गेले, कुणाला घरच्यांनी नेलं. वर्षाने फोन लावले तेव्हा 90 जण सापडले आणि त्यांतले 63 म्हणाले, 'बंद आहे.' आता 63 ला 90 ने भागलं तर 70 टक्के, 160 ने भागलं तर 39 टक्के आणि 200 ने भागलं तर साडेएकतीस टक्के. माणसं तीच, वर्षही तेच. पत्रकावर कोणता आकडा जातो, ते सांगायला नको.

न सापडलेले 110 जण सापडलेल्यांसारखेच असतील, हे गृहीत धरायला कसलाच आधार नाही. जो बरा आहे तो फोन उचलतो, मेळाव्याला येतो, पेढे घेऊन येतो. जो परत पितोय त्याचा नंबर बदललेला असतो, किंवा स्क्रीनवर केंद्राचं नाव बघून तो फोन वाजू देतो. म्हणून संशोधनातला जुना आणि कडक नियम असा आहे, की जो सापडला नाही तो पुन्हा नशा करतोय असं धरून चालायचं आणि भागाकार दाखल झालेल्या सगळ्यांनी करायचा. या नियमाने थोडा अन्यायही होतो, कारण काही जण बरे झाल्यामुळेच केंद्राशी संबंध तोडतात. नवी नोकरी, नवं सासर, जुनं कुणाला कळू नये ही इच्छा. त्यामुळे मी दोन्ही टोकं द्यायला सांगते.

वरच्या उदाहरणात न सापडलेल्या 110 पैकी चौघे वारल्याचं कळलं असं धरू. उरलेले 106 जण सगळे पीत असतील तर यश साडेएकतीस टक्के. सगळे सोबर असतील तर साडेचौऱ्याऐंशी. खरा आकडा यांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि एवढ्या रुंद पट्ट्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. आता त्याच केंद्राने 200 पैकी 160 जण शोधून काढले आणि त्यांतले 80 सोबर निघाले असं समजा. मग पट्टा 40 ते 60 टक्के एवढा अरुंद होतो. वरवर पाहता यश 70 वरून घसरलं. पण आता तो आकडा पाय ठेवून उभं राहण्याजोगा झाला. चांगल्या अभ्यासात निदान 70 ते 80 टक्के लोकांपर्यंत पोचण्याचं लक्ष्य असतं, ते यासाठीच.

मृत्यूंची नोंद वेगळी ठेवा, ती यादीतून गाळू नका. गर्द किंवा इतर अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच गंभीर आहे. काही आठवडे नशेपासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर पडल्यावर त्याने जुनीच मात्रा घेतली, तर ती जीव घेऊ शकते. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे त्यासाठी सर्वांत धोक्याचे.

पायरी 3: सुरुवातीची नोंद, पण योग्य दिवशी

कुठून निघालो हे माहीत नसेल तर किती पुढे आलो हे कळणार नाही. दाखल होतानाच सविस्तर प्रश्नावली भरून घ्यायचा मोह टाळा. हात थरथरत असतात, टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) सुरू असते, झोप नसते, काहींना भासही होतात. दाखल होताना फक्त ओळख आणि वैद्यकीय माहिती घ्या. बाकीचं, डोकं जागेवर आल्यावर, साधारण आठवड्याभराने.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी सोपी आणि फुकट आहे. गुण 0 ते 40. आठ किंवा अधिक गुण आले तर पिणं धोक्याचं समजतात. तिच्यातलं एक 'ड्रिंक' म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे हिशेब क्वार्टरमध्ये चालतो, म्हणून आधी रूपांतर करून ठेवा. व्हिस्की-रमची 180 मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे 6 ड्रिंक, 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची 650 मिलीची बाटली म्हणजे सुमारे 4. हातभट्टीचं प्रमाण ठरलेलं नसतं. तिथे 'ग्लास किती' एवढंच लिहा.

याच वेळी संपर्काची माहिती घ्या. रुग्णाचा एकच मोबाइल नंबर पुरत नाही. बायको, आई, भाऊ, गावाकडचा एखादा नातेवाईक, कामावरचा विश्वासू मित्र अशा चार-पाच जणांचे नंबर आणि 'यांना फोन केलेला चालेल' अशी रुग्णाची लेखी संमती हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकारही येतात आणि त्या कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. फोनवर शेजारीण आली तर 'व्यसनमुक्ती केंद्रातून बोलतेय' म्हणायचं नाही. 'पुण्याहून ताई बोलतेय, दादांना फोन करायला सांगाल का?' एवढं पुरतं. काय म्हणायचं हे रुग्णालाच आधी विचारून ठेवलेलं उत्तम.

पायरी 4: कधी विचारायचं

पहिला, तिसरा, सहावा आणि बारावा महिना. नंतर दरवर्षी, शक्यतो पाच वर्षांपर्यंत.

यामागे कारण आहे. 1971 साली तीन अमेरिकी संशोधकांनी हेरॉइन, तंबाखू आणि दारू या तिन्हींच्या उपचारानंतरचे आलेख एकत्र मांडले. तिन्ही रेषा जवळजवळ सारख्याच उतरल्या. जे पुन्हा नशेकडे वळले त्यांच्यापैकी बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच वळले होते, नंतर उतार मंदावला. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीचा 'यशस्वी' शेरा काहीच सांगत नाही. डीएसएम-5 या निदानपुस्तिकेतही लक्षणं (तलफ सोडून) तीन महिने नसली तर 'प्रारंभिक' आणि बारा महिने नसली तर 'टिकून राहिलेली' सुधारणा असे दोन टप्पे आहेत. एक वर्षाच्या आतल्या आकड्याला 'दीर्घकालीन' म्हणू नये.

आता जे परदेशी पुस्तकात सापडणार नाही ते. आपल्याकडे पिण्याला पंचांग आहे. गटारीला पिणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतो, काही जण तर गणपती उठेपर्यंत पाळतात. तुमचे सगळे फोन श्रावणात गेले तर केंद्राचं यश एकदम वाढलेलं दिसेल. धुळवडीनंतर, गावच्या जत्रेनंतर किंवा 31 डिसेंबरनंतरच्या आठवड्यात तेच उलटं. ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळ्यातच परततात. त्यांची सहामाही भेट कुठे पडणार ते आधीच बघा. मार्च 2020 च्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत टाळेबंदीत दारूची दुकानं बंद होती. त्या काळातल्या 'पीत नाही' या उत्तराचं श्रेय कोणत्याच केंद्राला घेता येणार नाही. यावर उपाय एकच. प्रत्येकाची तारीख त्याच्या स्वतःच्या डिस्चार्जपासून मोजा आणि 'आज' न विचारता गेल्या 90 दिवसांबद्दल विचारा.

पायरी 5: कसं विचारायचं

'आता घेत नाही ना?' हा प्रश्नच नाही. त्यात उत्तर दिलेलंच आहे. 'शेवटची कधी घेतली?' असं विचारा आणि गप्प बसा.

मग कॅलेंडर समोर ठेवा. आधी खुणा लावायच्या: पगाराची तारीख, सण, घरातलं लग्न, कुणाचं दहावं-बारावं, आजारपण. मग त्या खुणांच्या आधाराने दिवस भरत जायचं. 'दसऱ्याला कुठे होता? दुसऱ्या दिवशी कामावर गेलात?' संशोधनात या पद्धतीचा वापर गेली कित्येक दशकं होत आहे आणि नुसत्या 'महिन्यातून किती वेळा' या प्रश्नापेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह ठरली आहे. आपल्या माणसांना तर ती फार सोपी जाते, कारण आठवणी सणवारांनाच बांधलेल्या असतात. प्रत्येक पेयाचं नाव घेऊन विचारा: देशी, विदेशी, बियर, ताडी-माडी, हातभट्टी. कारण 'दारू बंद आहे, फक्त बियर घेतो' असं अगदी प्रामाणिकपणे सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात.

रुग्णाचं सांगणं सरसकट खोटं समजू नका. विचारताना तो शुद्धीवर असेल, माहिती गुप्त राहण्याची खात्री असेल आणि खरं बोलल्याने काही गमवावं लागणार नसेल, तर त्याचं सांगणं बऱ्यापैकी खरं असतं. म्हणून ज्या समुपदेशकाने उपचार केले त्यानेच फोन करू नये. रुग्णाला त्याला दुखवायचं नसतं आणि समुपदेशकालाही चांगलंच ऐकायचं असतं. शक्य असेल तर दुसऱ्या संस्थेतल्या किंवा महाविद्यालयातल्या माणसाकडे हे काम सोपवा.

पडताळणीसाठी घरच्यांपैकी एकाला वेगळं विचारा. प्रयोगशाळेच्या चाचण्या जमल्यास काही जणांच्या करा, मात्र त्यांची मर्यादा ओळखून. श्वासाची चाचणी काही तासांपुरती, लघवीतली ईटीजी (शरीरात दारूपासून बनणाऱ्या एका पदार्थाची चाचणी) साधारण तीन दिवसांपर्यंत. रक्तातलं जीजीटी हे यकृताशी निगडित एन्झाइम जास्त पिणाऱ्यात वाढतं आणि सोडल्यावर काही आठवड्यांत उतरतं, पण ते फॅटी लिव्हरमुळे किंवा फिटच्या काही गोळ्यांमुळेही वाढलेलं असू शकतं. एका जीजीटीवरून कुणाला खोटं ठरवू नका.

पायरी 6: 'केंद्रामुळेच' हे कशावरून?

इथे नवखेच काय, जुनेजाणतेही चुकतात. माणूस केंद्रात येतो तो बहुधा सगळ्यांत वाईट काळात. नोकरी गेलेली, बायको माहेरी, पोटात पाणी झालेलं. त्या तळातून काही प्रमाणात वर येणं उपचाराशिवायही घडतं. कुणी पंढरपूरला माळ घालतो आणि दारू सुटते. कुणाची मुलीच्या लग्नाच्या काळजीने सुटते. 'आधी इतकं पीत होता, आता इतकं' ही तुलना त्यामुळे अपुरी.

नावं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणं ही तुलनेची उत्तम पद्धत. उपचार नाकारणं योग्य नसल्यामुळे 'नेहमीचा उपचार' आणि 'नेहमीचा उपचार अधिक दर महिन्याचा फोन' असे गट करता येतात. तेवढं जमलं नाही तर पहिल्या आठवड्यात सोडून गेलेल्यांशी तुलना होते, पण ती फसवी आहे. थांबणारे आणि जाणारे मुळातच वेगळे असतात. दोन जिल्ह्यांतल्या केंद्रांची तुलना करताना बाहेरची परिस्थिती बघा. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. चंद्रपुरातल्या एखाद्या केंद्राचा 2020 चा आणि 2022 चा आकडा शेजारी ठेवून उपचार सुधारला की बिघडला हे ठरवता येणार नाही.

अपेक्षाही आवरत्या ठेवा. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅच या प्रचंड अभ्यासात 1,726 रुग्णांवर तीन वेगवेगळ्या उपचारपद्धती तपासल्या. 1997 मध्ये निकाल आले तेव्हा तिन्हींमध्ये फारसा फरक निघाला नाही. 'आमचीच पद्धत खरी' असं सांगणाऱ्याला हा अभ्यास दाखवावा.

पायरी 7: मांडणी

तक्ता एका पानात बसतो. दाखल किती, पूर्ण किती, सापडले किती, वारले किती, 90 दिवस पूर्ण सोबर किती, दोन्ही टोकांचे टक्के, आणि विचारणारा कोण. स्त्रिया, पुरुष आणि पदार्थांनुसार वेगळे आकडे द्या. संख्या लहान असेल तर टक्के जपून. 20 पैकी 10 जण सोबर म्हणजे 50 टक्के खरे, पण योगायोगाचा भाग धरला तर खरं प्रमाण साधारण 30 ते 70 मध्ये कुठेही असू शकतं. 200 पैकी 100 असतील तर हाच पट्टा 43 ते 57 होतो.

'पुन्हा प्यायला' या रकान्याला घाबरू नका. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या वैद्यकीय लेखात व्यसनाची मधुमेह, रक्तदाब आणि दम्याशी तुलना केली होती. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण 40 ते 60 टक्के, म्हणजे त्या आजारांत त्रास उलटण्याच्या प्रमाणाच्या आसपासच. गोळ्या थांबवल्यावर रक्तदाब वाढला तर आपण गोळी निकामी म्हणत नाही, ती चालू ठेवायला हवी होती म्हणतो. केंद्राने 30-35 दिवसांत बरं करून पाठवावं आणि नंतर फक्त निकाल मोजावा, ही कल्पनाच या आजाराला लागू पडत नाही.

म्हणून फॉलोअपच्या फोनवर 'हो, परत सुरू झाली' असं उत्तर आलं, तर रकाना भरून फोन ठेवू नका. पुढच्या दोन-तीन दिवसांतली भेटीची वेळ त्याच फोनवर ठरवा, घरच्यांपैकी कोण सोबत येईल ते विचारा. केंद्र लांब असेल तर जवळचा एएचा गट किंवा जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग सांगा. रात्री-अपरात्रीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन द्या. नियमित तपासणी करून घसरलेल्यांना लगेच परत उपचारांशी जोडण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले आहेत आणि त्यांत माणसं लवकर उपचारांत परतली. अर्थात अशा फोनमुळे तुमचं मोजमाप 'शुद्ध' राहत नाही, कारण विचारणं हाच उपचाराचा भाग होतो. अहवालात तसं स्पष्ट लिहा: फॉलोअपचे फोन किती, त्यातून परत आलेले किती, आणि पुन्हा दाखल झाल्यावर पुढच्या वर्षी त्यांचं काय झालं.